करवतकाठी साडीच्या बाबतीत

फिर्याद देणार: मंदाकिनी वसंत खानझोडे, व्यवसाय अर्जलेखन, राहणार अवधपुरी, भोपाळ. जिच्याकरिता फिर्याद आहे ती: श्रीमती कमल वसंत खानझोडे, माझी आई, हयात. विरुद्ध पक्ष: श्रीमती शरयू दामले, पूर्वी अवधपुरी, हल्ली मिसरोद. साक्षीदार पहिली: उषा फाळके, माहेर ग्वाल्हेर, घटनेच्या वेळी हातभर अंतरावर बसलेली. साक्षीदार दुसरी: मी स्वतः. इतर साक्षीदार: मंडळातल्या बाकीच्या बायका, ज्यांनी त्या वेळी माना खाली घातल्या, त्यांची नावे त्यांच्या मुलासुनांची भीड म्हणून लिहीत नाही. स्थळ: विरुद्ध पक्षाची बैठकीची खोली. वेळ: वाटपाच्या गुरुवारची दुपार. तारीख जाणूनबुजून घातलेली नाही. तारीख घातली की समोरची बाजू मूळ गोष्ट सोडून तारखेतच खोट काढते, हा माझा धंद्यातला अनुभव आहे.

आत्मकथनाचे प्रकरण असे सुरू करत नाहीत, हे मला कोणी सांगायला नको. परंतु जिने आयुष्यभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी नीट मांडून दिली, तिने स्वतःचे गाऱ्हाणे मांडताना पद्धत का सोडावी? मी तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून बसते. अर्ज हिंदीत लिहिते, विचार मराठीत करते. माझे शिक्षण अकरावीपर्यंत, आणि तीही पूर्ण नाही, पण पदवी घेतलेली माणसे माझ्यासमोर उभी राहून "मॅडम, इसमें क्या लिखें?" असे विचारतात, आणि माझ्या हातचा अर्ज पुढे सरकला की आतला बाबू खुर्चीत थोडा सरळ होतो. ही बढाई नाही. साक्ष देणाऱ्याची योग्यता आधी नोंदवावी लागते, म्हणून लिहिले.

माझे वडील जवळच्या मोठ्या कारखान्यात टर्नर होते. नोकरीसाठी नागपूर सोडून आले ते इथलेच झाले. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होते, पण त्याला कोणी विचारत नसे. कारखान्याच्या भोंग्यावर कुकर चढायचा आणि भोंग्यावरच उतरायचा. बाबा घरी आले की त्यांच्या कपड्यांना लोखंडाच्या किसाचा आणि गार पडलेल्या तेलाचा वास असे. आई त्यांचा शर्ट अंगणात झटकायची तेव्हा वळलेले चकचकीत कीस फरशीवर पडायचे, आणि ती पहिल्यांदा मला ओरडायची, "मंदे, चप्पल घाल आधी." स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिचे पायमशीन होते. डाळीला फोडणी बसली की ती मशीनवर बसे, भात उतू जाण्याच्या बेताला आला की उठे, आणि या दोन्हींच्या मधे एखादे झबले शिवून होई. मशीनची घरघर थांबली की घरात काहीतरी बिघडले आहे असे मला अजूनही वाटते. आमच्या घरी ती आता थांबलेलीच आहे, आणि का थांबली ते सांगण्यासाठीच हे प्रकरण आहे.

आई मोठे कपडे शिवत नसे. ब्लाऊज शिंप्याकडे जात. तिचा जीव लहान वस्तूंत. बाबांच्या विरलेल्या पँटीच्या मांड्यांमधून भाजीची पिशवी, जुन्या चादरीच्या धड कडेतून उशीचे अभ्रे, कोणाच्या घरी पाळणा हलला की दुपटे आणि टोपडे, किटलीवर घालायचा कापसाचा टोप, सुपारी-लवंगेचा बटवा. बटव्याची नाडी ओढली की चुण्या सारख्या पडल्या पाहिजेत, एकसुद्धा जाडी-बारकी नको, यासाठी ती तो तीन-तीनदा उसवायची. मी शाळेतून येऊन तिच्या पायाशी बसून उसवलेले दोरे गोळा करत असे. तिचे म्हणणे होते की उसवता येते तिलाच शिवता येते. मला शिवणे बेताचेच आले. उसवणे मात्र मी पूर्ण शिकले, आणि तेच पुढे उपयोगी पडले.

वसाहतीतल्या मराठी बायकांचे एक शिवणमंडळ होते. दर गुरुवारी दुपारी, पाळीपाळीने एकेकीच्या घरी, बायका आपापले हातकाम घेऊन जमत. आणि महिन्यातल्या एका गुरुवारी कापडाचे वाटप असे. ती पद्धत इथे नीट सांगणे भाग आहे, कारण सगळे प्रकरण तिच्यावरच उभे आहे. खोलीच्या मधोमध एक पांढरी चादर अंथरायची. प्रत्येकीने घरून आणलेले कापड, कोणाची कतरण, कोणाचा उरलेला ब्लाऊजपीस, कोणाचा फाटक्या साडीचा धड पदर, त्या चादरीवर ठेवायचे. एकदा ठेवले की ते ठेवणारीचे राहत नसे. जिच्या घरी बैठक असेल तिने कात्रीचा पहिला चिमटा घ्यायचा आणि पुढे हाताने फाडायचे, म्हणजे धागा सरळ जातो. मग ज्यांना हवे त्यांनी तुकडे उचलायचे. कोणी कोणाला काय दिले याचा हिशेब नसे, आणि कोणी परत मागत नसे. जे आपलेच ठेवायचे ते मांडीवर ठेवायचे; मांडीवरच्या कापडाला कोणी हात लावत नसे. म्हटले तर चांगली पद्धत होती. आमच्या दिवाळीच्या तोरणात इंजिनिअरच्या घरच्या पडद्याचा तुकडा असे आणि इंजिनिअरच्या घरच्या दुपट्यात आमच्या बाबांच्या लुंगीचा. नवी माणसे यायची त्यांना आई हीच गोष्ट अभिमानाने सांगायची. आता कोणी सांगितली तर मी ऐकून घेते, बोलत नाही.

शरयू दामले या मंडळाच्या अध्यक्ष होत्या. निवडणूक झालेली कोणाला आठवत नव्हती. पुण्याहून आलेल्या, उंच, गोऱ्या, कानात मोत्याच्या कुड्या. दामलेसाहेब बाबांच्याच शॉपमध्ये, कारखान्यातल्या त्याच विभागात, वरच्या जागी, म्हणजे बाबांची पाळी, रजा, सगळे त्यांच्या सहीने चालायचे. बाईंचा हात शिवणात साफ होता, हे मी नाकारत नाही. विरुद्ध पक्षाचे गुण मान्य केल्याने फिर्याद जड होते. पण आईशी त्या बोलत तेव्हा एखाद्या लहान मुलीला वळण लावावे तसे बोलत. आई म्हणाली, "वहिनी, मी काज करून राहिली," की बाई हसून म्हणायच्या, "करून राहिली नाही गं कमल, करतेय म्हण. मुलगी तेच शिकेल." आणि बैठक कोणाच्याही घरी असो, खाण्याची वेळ झाली की हाक यायची, "कमल, तुझ्या हातचं काही होऊ दे बाई, आमच्या हाताला ती चव नाही." बाकीच्या बायका मांडीवर कापड घेऊन बसत आणि माझी आई परक्या स्वयंपाकघरात पोह्यांना वाफ आणत उभी राही. थंडीत कोथिंबीर जुड्यांनी यायची तेव्हा तिच्या पुडाच्या वड्या होत, आणि त्या वेळी स्वयंपाकघराचे दार तिच्यासाठी सकाळपासूनच उघडे असे.

आता साडीविषयी. माझ्या आईच्या लग्नात तिच्या आईने तिला एक करवतकाठी दिली होती. टसर रेशमाची, मधाच्या रंगाची. काठ लाल, आणि काठाच्या आतल्या बाजूला करवतीच्या दातांसारखे टोक, एकाला लागून एक. आमच्याकडे मोठ्या किमतीचे दुसरे काही नव्हते, पण तेवढ्यावरून मी हे म्हणत नाही. ती साडी आई वर्षातून एकदाच काढी, उन्हाच्या कवडशापासून दूर उलगडून परत घडी बदलून ठेवी, म्हणजे घडीवर चिरत नाही. ती माझ्या साखरपुड्यात मला नेसवायची हे ठरलेले होते. साखरपुडा ठरलेला नव्हता, मुलगा ठरलेला नव्हता, साडी ठरलेली होती. एका लग्नात आईने ती नेसली तेव्हा दामलेबाईंनी काठ बोटांत धरून पाहिला होता आणि सगळ्यांदेखत म्हटले होते, "कमल, याची एवढीशी पट्टी दिलीस ना, तर माझ्या गोधडीचं सोनं होईल." आई नुसती हसली होती. माझ्या आईला 'नाही' म्हणता येत नसे. तिचे हसणे हेच तिचे 'नाही' होते, आणि ते त्यांना पुरते कळले होते.

त्या गोधडीची हकीकत अशी, की कारखान्याच्या क्लबात हस्तकलेचे प्रदर्शन ठरले होते, दिल्लीहून कोणा मोठ्या साहेबांची पत्नी यायची होती, आणि दामलेबाईंनी भिंतीवर टांगायची एक गोधडी शिवायला घेतली होती. मधला चौक सुंदर झाला होता. कडेला शोभेल असा काठ मिळत नव्हता. तीन गुरुवार त्यांनी ते बोलून दाखवले.

त्या वाटपाच्या गुरुवारी आई साडी घेऊन गेली, ही तिची चूक म्हणायची तर म्हणा. साडीचा फॉल खालून सुटला होता. रेशमाला हातशिलाई घालावी ती उषामावशीनेच, असे आईचे ठाम मत. उषामावशी क्वार्टर्सच्या शेजारच्याच ओळीत राहायची. आईची एवढी जवळची की आमच्या घरी साखर संपली तर ती न विचारता डबा भरून ठेवी. पण तिच्या घरी त्या आठवड्यात पाहुणे होते. म्हणून ती आईला म्हणाली होती, "घेऊन ये ना गुरुवारी, बसल्या-बसल्या टाकते. उसमें क्या है?" आईने साडी जुन्या धोतरात बांधून नेली आणि गठुडे मांडीवर घेऊन बसली. मंडळाच्या पद्धतीप्रमाणे मांडीवरचे सुरक्षित होते.

मी त्या दिवशी खिडकीपाशी दामल्यांच्या मशीनवर होते. त्यांच्या मशीनचे बॉबिन अडकत होते आणि मला ते काढता येत असे, म्हणून मला बसवले होते. माझे हात तेलाने काळे झालेले. थोड्या वेळाने हाक आली, "कमल, साबुदाणा भिजलाय गं, वडे तेवढे तळ." आई उठली. मांडीवरचे गठुडे कुठे ठेवावे म्हणून तिने इकडे-तिकडे पाहिले. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तेलाचे हात लावू नको बाप्पा त्याले." उषामावशी सुईत दोरा ओवत होती. तेव्हा आईने गठुडे सोफ्याच्या हातावर ठेवले, वरून एकदा थोपटले, आणि आत गेली. सोफ्याच्या हातावर. चादरीपासून ती जागा लांब होती. हे मी आजही कोणत्याही देवाची शपथ घेऊन सांगेन.

आतून तेलात वडे पडल्याचा आवाज येऊ लागला. मी मशीनच्या चाकावरून मान वर केली आणि दामलेबाईंचा हात पाहिला. त्या बोलत होत्या दुसरीकडे, कोणाच्या तरी नणंदेविषयी. हात मात्र सोफ्याकडे गेला, गठुडे उचलले, आणि सहज पानदान सरकवावे तसे चादरीवर आणून ठेवले. धोतराची गाठ सोडली. मधाचा रंग चादरीवर पसरला तेव्हा दोन-तीन बायका "अगंबाई" म्हणाल्या. बाईंनी कात्री घेतली, काठाच्या आत, करवतीच्या दातांना सोडून, चिमटा घेतला, आणि दोन्ही हातांनी ओढले.

टसर फाटते त्याचा आवाज सुती कापडासारखा नसतो. लांब असतो, कोरडा असतो, आणि मधे थांबत नाही.

"काकू," मी उठले, "ती आईची आहे. वाटपाची नाही."

बाईंनी हात थांबवले. अर्धी साडी फाटली होती, अर्धी होती. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "वाटपाची नाही, तर चादरीवर कशी आली?"

"तुम्ही ठेवलीत."

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. बाई हसल्या. "मी? अगं, मी काय तुमची गाठोडी उचलत फिरते? उषा, तुझ्या शेजारीच तर होतं. तू सांग बाई."

उषामावशीचा दोरा ओवून केव्हाच झाला होता. सुई तिच्या बोटांत चमकत होती. तिने तीच सुई परत डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "मेरा ध्यान नहीं था, वहिनी. माझं लक्ष सुईत होतं."

तेवढ्यात आई वड्यांचे ताट घेऊन दारात आली. तिने चादरीकडे पाहिले. ताट हलले नाही. एक वडा मात्र कडेवरून घसरून फरशीवर पडला, आणि तिने तो वाकून उचलून पदरात घेतला, दुसऱ्याच्या घरची फरशी तेलकट होऊ नये म्हणून. दामलेबाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "कमल, तुझी मुलगी म्हणते मी तुझी साडी चोरून चादरीवर ठेवली. ह्यांच्या कानावर गेलं तर काय वाटेल गं त्यांना? तूच सांग. ठेवली होतीस ना तू?"

'ह्यांच्या' म्हणजे दामलेसाहेबांच्या. बाबांच्या पाळीचा कागद ज्यांच्या टेबलावर असे त्यांच्या.

आईने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाली, "मीच ठेवली असन, वहिनी. लेकरू आहे ते, काहीही बोलते. असू द्या."

मग बाईंनी उरलेली अर्धी फाडली. आई ताट धरून उभी होती आणि बायका एकेक वडा उचलत होत्या. वड्यांबरोबरचे दही फार छान लागले आहे, असे कोणीतरी म्हणाले.

घरी येताना आईच्या हातात फक्त धोतर होते; साडीचे मधले कापडही वाटपात गेले होते. वाटेत मी तिला ओरडून विचारले, "तू खोटं का बोललीस?" ती म्हणाली, "हळू बोल. ओळीत ऐकतात." संध्याकाळी बाबांना आईने सांगितलेच नाही, त्यांना ते दुसऱ्या दिवशी कारखान्यात कळले, आणि तेही उलट्या बाजूने, की खानझोडेची बायको दिलेले कापड परत मागते. मंडळातही तेच ठरले. पुढच्या गुरुवारचा निरोप आमच्याकडे आला नाही, त्याच्या पुढचाही नाही. ज्या चादरीवर माझ्या आईने वर्षानुवर्षे ठेवले आणि एकदाही काही मागितले नाही, त्या चादरीवरून तिचे नाव असे निघाले. तिने मशीनवर झाकण घातले. भोंगा व्हायचा, कुकर चढायचा, भात शिजायचा, आणि मधल्या वेळात ती खिडकीशी रिकाम्या हाताने बसायची. तिचे ते रिकामे हात मी विरुद्ध पक्षाच्या खाती लिहिले आहेत.

आयुष्यातला पहिला अर्ज मी तेव्हा लिहिला, क्लबच्या सेक्रेटरींना, वहीच्या पानावर. "सविनय निवेदन है कि" इथपर्यंत नीट आले, पुढे माझी भाषा घसरली. मी बाईंना चोर लिहिले आणि उषामावशीला आंधळी. आज माझ्याकडे कोणी असा अर्ज आणला तर मी तो समजावून परत करीन. सेक्रेटरींनी तो वाचून थेट दामलेसाहेबांना दिला. बाबा त्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. "चल," म्हणाले. मला दामल्यांच्या घरी नेले आणि दारात उभे केले. "माफी माग."

मी मागितली. बाबांकडे पाहून मागितली, बाईंकडे पाहून नाही. बाई म्हणाल्या, "असू दे हो, वसंतराव, वयच तसं असतं." मग आत गेल्या आणि करवतकाठीच्या पदराची एक पट्टी घेऊन आल्या, वीतभर, कापून उरलेली. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "घे. बाहुलीला होईल."

मी सतरा वर्षांची होते.

प्रदर्शनात त्या गोधडीला पहिले बक्षीस मिळाले. अकरावीचा माझा त्या वर्षीचा निकाल कसा लागला असेल ते वेगळे लिहायला नको. शाळा सुटली, आणि तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या एका वृद्ध अर्जनवीसांकडे मी कागद नीट करण्याच्या कामाला लागले. आपली माणसे म्हणत, मुलीला काय ते रस्त्यावरचे काम. मला एकच शिकायचे होते: असे कसे लिहावे की समोरच्याला उत्तर द्यावेच लागेल. त्यांनी शिकवले की चोर लिहायचे नाही, हाताने काय केले ते लिहायचे. आंधळी लिहायचे नाही, ती कुठे बसली होती ते लिहायचे. साखरपुड्याचे पुढे काही झाले नाही. मी कोणाला दोष देत नाही. फक्त घटनाक्रम सांगते.

गेल्या उन्हाळ्यात दामलेबाई माझ्या टेबलाशी आल्या. साहेब वारले होते, मिसरोदच्या फ्लॅटवर नाव चढवायचे होते, आणि कोणीतरी सांगितले होते की कडुनिंबाखालच्या बाईंकडून लिहून घ्या. केस पांढरे, कुड्या त्याच. त्यांनी मला ओळखले नाही. माझ्यासारख्यांचे चेहरे त्यांनी कधी नीट पाहिलेच नव्हते. मी अर्ज लिहिला, उत्तम लिहिला. मग विचारले, "गवाह?" त्या मागे वळून म्हणाल्या, "उषा, ये गं पुढे."

उषामावशी काठी टेकत पुढे आली आणि मला पाहून जागीच थांबली. तिने ओळखले. मी तिला नेहमीचा प्रश्न विचारला, जो मी सगळ्यांना विचारते: "तुम्ही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय ना? की लक्ष सुईत होतं?"

ती काठीच्या मुठीकडे पाहू लागली. मी कागद बाजूला ठेवला. "ही साक्षीदार चालणार नाही. दुसरी आणा."

"म्हणजे काय?" दामलेबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट पाहिले. "तू... कमलची ना? अगंबाई! किती मोठी झालीस!"

"मोठी नाही, काकू. म्हातारी झाले. दुसरी साक्षीदार आणा."

"अजून तेच धरून बसलीस? एक जुनी साडी ती! आणि तुझ्या आईनेच कबूल केलं होतं ना सगळ्यांसमोर, की मीच ठेवली म्हणून?"

त्या दिवशी मिसरोदला परत जाऊन त्यांना दुसरे माणूस आणावे लागले. ते आले तोवर माझी जेवणाची वेळ झाली होती. मग आतली खिडकी बंद झाली. मग दुसऱ्या दिवशी या, असे झाले. ऊन कडक होते आणि माझ्या टेबलाशी बाक नाही. मला समाधान वाटले का? वाटले. सुडाने समाधान होत नाही असे लोक सांगतात, त्यांनी तो बहुधा अर्धवट घेतला असावा. पण घरी जाऊन आईला भाकर वाढताना त्यांचे ते वाक्य डोक्यातून जाईना. तुझ्या आईनेच कबूल केलं होतं. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही कागदावर तेच आहे. माझी आई देऊन परत मागणारी, आणि तसे सांगणारी साक्षीदार तीच.

आणि आता हा फोटो. दामलेबाईंची मुलगी मिसरोदला शिवणाचा नवा गट चालवते. तरुण मुली रविवारी जमतात, कापडांची अदलाबदल करतात, बटवे, मोबाइलच्या पिशव्या, बाळांची दुपटी शिवतात. मला त्या मुलींविषयी काही म्हणायचे नाही. त्या चांगल्या दिसतात आणि त्यांच्या चुण्या सारख्या पडतात. पण फोटोत त्यांच्यामागे भिंतीवर ती गोधडी टांगलेली आहे, चारी कडांना करवतीचे लाल दात, आणि खाली लिहिले आहे की हा आईचा वारसा. उषामावशीने तो मला मोबाइलवर पाठवला, खाली काही न लिहिता. ती साक्ष म्हणायची की घाबरटपणा, हे मी ठरवलेले नाही. आईला तो दाखवायला गेले तर तिला आता पडद्यावरचे नीट दिसत नाही. तिने बोट फिरवून विचारले, "काय आहे ते? गोधडी आहे का? काठ कशाचा आहे?"

मी सांगितले नाही.

सबब विरुद्ध पक्षास विनंती, ही विनंती माझ्या व्यवसायातली शेवटची पायरी समजावी. मला साडी परत नको. फाटलेली वस्तू परत घेणाऱ्यांतली मी नाही. गोधडी उतरवावी असेही मी म्हणत नाही. ती खुशाल टांगलेली राहावी. मागणे एवढेच, की त्या दुपारी सोफ्याच्या हातावरून चादरीपर्यंत कोणाचा हात गेला, ते विरुद्ध पक्षाने स्वतःच्या हाताने, मराठीत, एका कागदावर लिहावे, मुलीच्या हातून नको; त्या गटाच्या रविवारच्या बैठकीत, त्या भिंतीसमोर उभे राहून सगळ्या मुलींना वाचून दाखवावे; आणि तो कागद माझ्या नावे न पाठवता श्रीमती कमल वसंत खानझोडे यांच्या नावे पाठवावा. माझी आई तो वाचू शकणार नाही, म्हणून मी तिच्या शेजारी बसून वाचून दाखवीन. लोकांचे अर्ज सुधारून देणे हा माझा धंदा आहे. परंतु या एका कागदातला एकही शब्द मी सुधारणार नाही, जसा लिहिलेला असेल तसाच तिच्या कानावर घालीन. आईचे वय झाले आहे. उत्तरास विलंब करू नये.